घर-विक्रीची कचेरी : तिची मांडणी व तिची नीती



वसंत व्याख्यानमालेत इतिहास ऐकावा, तत्त्वज्ञान ऐकावे, फार तर अर्थकारण ऐकावे. घरे विकणाऱ्या कचेरीत टेबल-खुर्च्या कशा मांडाव्यात हा काय व्याख्यानाचा विषय झाला, असे आपणांपैकी काहींच्या मनात आले असेल. ते साहजिक आहे. परंतु आम्ही कामगार-संघटनेत काम करणारी माणसे. मोठ्या गोष्टी लहान जागी ठरतात, हे आम्ही पुष्कळ वेळा पाहिले आहे. पगाराचा करार गेटावरच्या सभेत गाजतो, पण ठरतो तो एका बंद खोलीतल्या टेबलावर. तेथे कोण कोठे बसले होते, मसुदा कोणाच्या हाती होता आणि कोणाला शेवटची गाडी गाठायची होती, यांवर त्या करारातील कितीतरी कलमे अवलंबून असतात.

घराचेही तसेच आहे. सामान्य नोकरदार माणूस बहुधा जन्मात एकदाच घर घेतो. भविष्यनिर्वाह निधी, ग्रॅच्युइटी, बायकोचे चार दागिने आणि वीस वर्षे फेडायचे बँकेचे कर्ज, एवढे सारे एकत्र करून तो एका खोलीत शिरतो. त्या खोलीत त्याच्यासमोर बसलेल्या माणसाने आठवड्यात दहा घरे विकलेली असतात. भाजी घेताना चार गाड्या फिरणारे कुटुंब घराचा निर्णय तासाभरात करून बाहेर पडते, तेव्हा त्या कुटुंबाला नावे ठेवण्यापूर्वी ती खोली एकदा नीट पाहिली पाहिजे.

अशी कचेरी प्रसन्न असावी, अगत्याची असावी, व्यवस्थित असावी, याबद्दल कोणाचाच मतभेद नाही. पण अगत्य कशाला म्हणावे आणि व्यवस्थितपणा कशाला, हे ठरवायला एखादी कसोटी हवी. आमची कसोटी साधी आहे. आलेल्या माणसाला सर्व काही समजून घेता यावे आणि वाटल्यास ‘आज नको’ म्हणून मानाने उठून जाता यावे. ज्या मांडणीने हे सोपे होते ती चांगली. ज्या मांडणीने अवघड होते ती कितीही देखणी असली तरी वाईट. हीच कसोटी हाती घेऊन आपण दारापासून आतपर्यंत जाऊ.

गादी आणि जमीन

त्याआधी थोडे मागे पाहू. सावकाराच्या पेढीचे चित्र आपल्या ओळखीचे आहे. सावकार गादीवर लोडाला टेकून बसलेला, कूळ खाली जमिनीवर. वही सावकाराच्या मांडीवर, रोखा त्याच्याच दप्तरात, आणि लिहिता-वाचता येणाराही बहुधा तोच. कुळाकडे काम एकच, अंगठा उठवण्याचे. १८७५ च्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यातील सुपे गावच्या बाजारात दंगा झाला आणि तो पुणे व त्या वेळच्या अहमदनगर जिल्ह्यांतील अनेक गावांत पसरला. त्या दंग्याचे वैशिष्ट्य असे की, लोकांचा रोख मुख्यतः कागदांवर होता. कर्जरोखे आणि खते मागून घेऊन त्यांची होळी करण्यात आली. जो कागद आपल्याला वाचता येत नाही, ज्याची प्रत आपल्याकडे नाही, त्याच कागदाने आपली जमीन जाते, हे त्या शेतकऱ्यांना कळून चुकले होते.

पुढे १८७९ साली दख्खनमधील शेतकऱ्यांच्या कर्जनिवारणाचा कायदा झाला. त्यात व्याजाबद्दल आणि कज्ज्यांबद्दल कलमे होतीच. पण रोखा ग्राम-निबंधकापुढे लिहिला जावा, दिलेल्या पैशाची लेखी पावती मिळावी आणि मागितल्यास वर्षाचा हिशेब मिळावा, अशीही तरतूद होती. आज ती वाचली तर फार किरकोळ वाटते. पण गादीवरचा कागद खाली जमिनीवर बसलेल्या माणसाच्या हाती यावा, हाच तिचा हेतू होता.

आता गादी गेली, लोड गेला, वातानुकूलित कचेरी आली. तरीही पुष्कळ कचेऱ्यांत विकणाऱ्याची खुर्ची उंच, फिरती आणि पाठीला आधार देणारी असते. घेणारा मात्र खोल गुबगुबीत कोचात रुतलेला असतो आणि त्याचे गुडघे छातीशी आलेले असतात. कोच महाग असतो हे खरे. पण त्यात बसून कागद वाचता येत नाही, टेबलावर लिहिता येत नाही, आणि साठीच्या माणसाला कोणाचा हात धरल्याशिवाय उठताही येत नाही. उंच-नीच पूर्वीइतकीच राहिली. फक्त जमिनीच्या जागी गादी खालच्या माणसाला मिळाली.

पाटी आणि उंबरठा

कचेरीचे पहिले बोलणे पाटीवरून होते. पाटी देवनागरी लिपीत, मराठीत आणि ठळक असावी, हे आता महाराष्ट्रात २०२२ च्या कायदादुरुस्तीने सर्वच दुकानांना व आस्थापनांना सांगितले आहे. पण लिपीइतकाच मजकूरही महत्त्वाचा. ‘जागेचे सर्व व्यवहार विश्वासाने केले जातील’ एवढ्याने गिऱ्हाइकाला काही कळत नाही. पाटीवर चार गोष्टी हव्यात : कचेरी चालवणाऱ्याचे नाव, नोंदणी क्रमांक, कामाची वेळ आणि दलालीचा दर.

नोंदणी क्रमांकाचा अर्थ असा. संसदेने २०१६ साली स्थावर संपदा कायदा केला. तो १ मे २०१७ पासून पूर्णपणे लागू झाला आणि आपल्याकडे ‘महारेरा’ हे प्राधिकरण काम करू लागले. या कायद्याखाली नोंदलेल्या प्रकल्पातील घर विकून देणाऱ्या दलालानेही स्वतःची नोंदणी केली पाहिजे. त्याने हिशेबाच्या वह्या ठेवल्या पाहिजेत, नोंदणी नसलेल्या प्रकल्पातील घर विकता कामा नये, आणि गिऱ्हाइकाला ज्या कागदपत्रांचा हक्क आहे ती नोंदणीच्या वेळी त्याला मिळतील असे पाहिले पाहिजे. २०२३ साली महारेराने दलालांसाठी प्रशिक्षण व परीक्षाही आवश्यक केली. म्हणजे हा आता शिकून करायचा धंदा झाला आहे. प्रमाणपत्र मिळवण्यासाठी ज्याने अभ्यास केला, त्याने ते फायलीत का दडवावे? देवाच्या तसबिरीशेजारी, सर्वांना वाचता येईल एवढ्या उंचीवर ते लावावे.

दलालीचा दर पाटीवर लिहिण्यास पुष्कळजण कां-कूं करतात. भाड्याच्या घराला एक महिन्याचे भाडे, विक्रीला एक-दोन टक्के, असा प्रघात बऱ्याच ठिकाणी आहे. पण प्रघात म्हणजे दर नव्हे. न्हाव्याच्या दुकानात दर लावलेला असतो. साठ-सत्तर लाखांच्या व्यवहारात तो शेवटच्या दिवशी कानात सांगावा, हे बरे दिसत नाही.

आता उंबरठा. दाराशी दोन पायऱ्या असल्या तर चाकाच्या खुर्चीतील माणूस रस्त्यावरच राहतो आणि काठी टेकणारी आजी ‘तुम्हीच जाऊन या’ म्हणते. उतरण करणे अवघड नाही. १ फूट चढायला १२ फूट लांबी, असे तिचे साधारण प्रमाण आहे. पंधरा सेंटिमीटरच्या दोन पायऱ्या म्हणजे ३० सेंटिमीटर. त्यांना सुमारे ३.६ मीटर लांबीची उतरण पुरते. दाराची मोकळी रुंदी ९०० मिलिमीटर असली की चाकाची खुर्ची सहज आत येते. पुढे ज्या घरात त्या आजीला राहायचे आहे, ते ठरताना तिने हजर असू नये काय?

आत येताच काय होते, हेही पाहण्यासारखे आहे. पुष्कळ ठिकाणी पहारेकरी आधी वही पुढे करतो आणि नाव, दूरध्वनी, पगार, अंदाजपत्रक असे सर्व लिहून घेतो. पुढे सहा महिने तो दूरध्वनी वाजत राहतो. आपल्या घरी आलेल्या माणसाला आपण आधी पाणी देतो, मग कोठून आलात ते विचारतो. कचेरीनेही हाच क्रम ठेवावा. पाणी आधी, बसायला खुर्ची त्यानंतर, आणि नाव-पत्ता गिऱ्हाइकाने आपण होऊन दिला तर. दोन तास गाडीने आणि अर्धा तास रिक्षाने आलेल्या स्त्रियांसाठी स्वच्छतागृह हवे, आणि ते कोठे आहे हे विचारावे लागू नये. पुष्कळ कचेऱ्यांत प्रकल्पाच्या लाकडी प्रतिकृतीवर दिव्यांचे झोत सोडलेले असतात आणि स्वच्छतागृहाला कुलूप असते; किल्ली साहेबांकडे.

बैठक

खुर्च्यांचे माप साधे आहे. टेबल ७५ सेंटिमीटरच्या आसपास उंच असावे, खुर्चीची बैठक ४५ च्या आसपास. दोन्ही बाजूंच्या खुर्च्या एकाच उंचीच्या असाव्यात, एकाच जातीच्या असल्या तर उत्तम. हात टेकायला दांडे असले की वृद्ध माणसाला आधाराशिवाय उठता येते.

टेबलाच्या कोणत्या बाजूला बसावे, यालाही महत्त्व आहे. कॅनडातील सस्कॅचेवान प्रांतात रॉबर्ट सॉमर नावाच्या मानसशास्त्रज्ञाने १९५० च्या दशकात रुग्णालयाच्या उपाहारगृहात माणसे कशी बसतात व कशी बोलतात याचे निरीक्षण केले. टेबलाच्या कोपऱ्याशी काटकोनात बसलेली माणसे समोरासमोर बसलेल्यांपेक्षा जास्त बोलतात, असे त्याला आढळले. आम्हांला हे वाचून नवल वाटले नाही. समेटाच्या बोलण्यात आम्ही मालकांच्या समोर रांगेने बसतो, आणि बोलणे अडते. मग कोणीतरी चहाच्या निमित्ताने खुर्ची कोपऱ्याशी ओढतो, कागद दोघांच्या मध्ये येतो, आणि कलम सुटते. समोरासमोर बसले की कागद एकाला सुलटा आणि दुसऱ्याला उलटा दिसतो. कोपऱ्याशी बसले की दोघांनाही तो वाचता येतो. म्हणून विकणाऱ्याचे टेबल भिंतीसारखे मध्ये उभे करू नये; कोपऱ्याशी बसता येईल असे ठेवावे.

खुर्च्या किती, हाही प्रश्न आहे. घर पाहायला क्वचितच एकटा माणूस येतो. नवरा-बायको येतात, आई येते, कमावती मुलगी येते, कधी हिशेबात हुशार असलेला शेजारी येतो. दोनच खुर्च्या असल्या तर उरलेली माणसे भिंतीशी उभी राहतात आणि गप्प राहतात. त्यातही विकणाऱ्याला एक जुनी खोड असते. तो केवळ पुरुषाकडे पाहून बोलतो. स्वयंपाकघरात पाण्याचा नळ कोठे आहे, कपडे वाळत कोठे घालायचे, मुलांच्या शाळेचा रस्ता कोणता, हे प्रश्न ज्या बाईच्या मनात आहेत, तिला ते विचारायची संधीच मिळत नाही. पाच खुर्च्या आणि सर्वांकडे फिरणारी नजर, एवढ्याने कचेरीचा अर्धा कायापालट होतो.

उजेडाबद्दल एवढेच सांगतो की, दप्तरी वाचन-लेखनाला ३०० ते ५०० लक्स उजेड असावा असा संकेत आहे, आणि तो टेबलावर पडला पाहिजे. लाकडी इमारत झगझगीत आणि करारनामा अंधारात, अशी योजना ज्याने केली त्याने गिऱ्हाइकाने काय पाहावे व काय पाहू नये हे आधीच ठरवलेले असते.

कागद

आता मुख्य गोष्ट. कचेरीची शोभा फुलदाणीत नसून कागदांच्या फडताळात असते. गिऱ्हाइकाने मागण्यापूर्वी पुढील कागद टेबलावर यावेत : प्रकल्पाच्या नोंदणीचा दाखला, जमिनीचा सातबारा किंवा मालमत्ता पत्रक आणि मालकीहक्काबद्दल वकिलाचा अहवाल, मंजूर नकाशा व बांधकाम सुरू करण्याचा परवाना, घराच्या चटईक्षेत्राचा तक्ता, सर्व खर्चांसह एकूण किंमत, आणि विक्रीकराराचा मसुदा. जाहिरातीवर क्यूआर कोड छापण्याची सक्ती महारेराने १ ऑगस्ट २०२३ पासून केली आहे. तोच कोड भिंतीवर लावावा आणि ज्याला तो वापरता येत नाही त्याला आपण होऊन दाखवावा.

चटईक्षेत्राचा तक्ता वेगळा का मागावा, हे थोडे समजावून सांगितले पाहिजे. चटईक्षेत्र म्हणजे घराच्या आतली प्रत्यक्ष वापरायची जागा. त्यात आतल्या भिंती धरतात, पण बाहेरच्या भिंती, बाल्कनी आणि उघडी गच्ची धरत नाहीत. जिना, उद्वाहन, वऱ्हांडा वगैरेंचा वाटा चढवून जे मोठे क्षेत्र बोलण्यात येते ते निराळे. समजा, एका कचेरीत ९०० फुटांचे घर ८,००० रुपये फुटाने सांगितले आणि दुसरीत ८०० फुटांचे ८,४०० रुपये फुटाने. ऐकणाऱ्याला पहिले स्वस्त वाटते. पण दोन्ही घरांत चटईक्षेत्र ६०० फूटच असेल, तर पहिले ७२ लाखांना पडते, म्हणजे खऱ्या फुटाला १२,००० रुपये. दुसरे ६७ लाख २० हजारांना, म्हणजे ११,२०० रुपये. स्वस्त वाटलेले घर ४ लाख ८० हजारांनी महाग निघाले. कायद्याने व्यवहार चटईक्षेत्रावरच व्हावा असे ठरवले असले, तरी तोंडी बोलण्यात जुने मोठे आकडे अजून ऐकू येतात.

आकडा डोळ्यांना दिसत नाही, म्हणून आमची एक सूचना आहे. कचेरीत जागा असेल तर एका खोलीचे खरे माप जमिनीवर रंगाच्या पट्टीने आखून ठेवावे. त्यात गिऱ्हाइकाला उभे राहू द्यावे, हात पसरू द्यावेत. खाट आणि कपाट ठेवल्यावर दार उघडते का, हे पावलांनी मोजू द्यावे. सजवलेल्या नमुना-घरात खाट मुद्दाम लहान असते, मधली दारे काढलेली असतात. जाहिरात किंवा नमुना-घर पाहून विश्वास ठेवलेल्या माणसाचे खोट्या माहितीमुळे नुकसान झाले, तर २०१६ च्या कायद्याचे १२ वे कलम त्याला भरपाई मागू देते. पण भरपाई मागायला फेऱ्या घालाव्या लागतात. रंगाची पट्टी शंभर रुपयांत येते.

आणि भाषा. करारनामा पुष्कळदा इंग्रजीत, शंभराच्या घरात पाने असलेला असतो. आजचा पदवीधरही तो न वाचता पानापानावर सही करतो. मग सुप्याच्या कुळाचा अंगठा आणि याची सही यांत फरक तो काय राहिला? कचेरीने कराराचा सारांश मराठीत दोन पानांत द्यावा. त्यात ताबा केव्हा, उशीर झाल्यास काय, एकूण रक्कम किती, वाहनाची जागा कोणती आणि रद्द केल्यास किती कापणार, ही पाच उत्तरे असावीत. आणि मागितल्यास तो वाचून दाखवावा.

वेळ

कचेरीच्या मांडणीत घड्याळही येते. आमच्या एका निवृत्त सभासदाची गोष्ट सांगतो. तो व त्याची पत्नी रविवारी एका विक्री-कचेरीत गेले. बोलणे चालू असता दर पंधरा मिनिटांनी तेथे घंटा वाजे, सर्व नोकर टाळ्या वाजवीत आणि ‘आणखी एक घर गेले’ असे कोणीतरी ओरडे. हा भाव आज सायंकाळपर्यंतच आहे, असे त्यांना सांगण्यात आले. यंत्रावर छत्तीस वर्षे धीराने काम केलेल्या त्या माणसाने चाळीस मिनिटांत धनादेश लिहिला. मसुदा हाती आला तेव्हा तोंडी सांगितलेल्या ताब्याच्या तारखेत आणि लिहिलेल्या तारखेत दीड वर्षाचे अंतर निघाले. पैसे परत मिळाले, पण त्यासाठी आठ महिने आणि आमच्या कार्यालयाची अकरा पत्रे खर्ची पडली. त्या कचेरीत लबाडीचे एकही वाक्य कागदावर नव्हते. जे काही केले ते घंटेने आणि टाळ्यांनी केले.

कायद्याने येथे एक कुंपण घातले आहे. लेखी करार करून तो नोंदवल्याशिवाय विकासकाला किमतीच्या १० टक्क्यांहून जास्त रक्कम घेता येत नाही. घेतलेल्या रकमांपैकी ७० टक्के निराळ्या खात्यात, त्याच प्रकल्पाच्या जमिनीसाठी व बांधकामासाठी ठेवाव्या लागतात. पण ७२ लाखांचे १० टक्के म्हणजे ७ लाख २० हजार रुपये. एवढी रक्कम सामान्य घराला घंटेच्या नादात द्यायला पुरेशी मोठी आहे. म्हणून चांगल्या कचेरीने स्वतःवर आणखी एक नियम घालून घ्यावा. पहिल्या भेटीत पैसे घेऊ नयेत. मसुदा घरी न्यायला द्यावा, दोन रात्री त्यावर जाऊ द्याव्यात. कचेरीत एक लहान खोली अशीही असावी की जेथे कुटुंबाला विक्रेत्याच्या अनुपस्थितीत आपसांत बोलता येईल. नवऱ्याच्या मनातील शंका आणि बायकोच्या मनातील शंका परक्या माणसासमोर एकमेकांना सांगता येत नाहीत.

कचेरीतील नोकर

आता आमच्या घरची गोष्ट. गिऱ्हाइकाशी अगत्याने वागावे असे आपण ज्या मुला-मुलींना सांगतो, त्यांची स्वतःची व्यवस्था काय असते? गिऱ्हाईक आले की उभे राहायचे, गेले तरी उभेच राहायचे. रविवार कामाचा, सणही कामाचा. मूळ पगार नावापुरता आणि बाकी सर्व विक्रीवरच्या टक्क्यावर. ज्याच्या घरचे भाडे आजच्या विक्रीवर अवलंबून आहे, तो गिऱ्हाइकाला ‘दोन दिवस विचार करा’ असे कसे म्हणेल? त्याला लबाड म्हणणे सोपे आहे. त्याची लबाडी त्याच्या पगारपत्रकावर आधीच लिहिलेली असते.

उभे राहून काम करणाऱ्याला बसायची सोय हवी, हे १९४८ च्या कारखाने कायद्याच्या ४४ व्या कलमाने कारखान्यांपुरते मान्य केले होते. दुकानांतील नोकरांना मात्र फार वाट पाहावी लागली. केरळमध्ये कापडाच्या दुकानांत दिवसभर उभ्या राहणाऱ्या स्त्रियांनी त्यासाठी चळवळ केली. तेव्हा केरळने २०१८ साली आणि त्यामागून तामिळनाडूने २०२१ साली दुकानांतील नोकरांना बसायची सोय देणे कायद्याने बंधनकारक केले. एका खुर्चीसाठी चळवळ करावी लागली, हे ध्यानात ठेवावे.

म्हणून कचेरी आखताना नोकरांच्या खुर्च्या, त्यांना डबा खायची जागा, त्यांचे पिण्याचे पाणी आणि आठवड्याची सुटी ही नकाशातच आली पाहिजे. जगता येईल एवढा मूळ पगार आणि त्यावर टक्केवारी, हा क्रम असावा. असा नोकर गिऱ्हाइकाला खरे सांगू शकतो. ‘हे घर तुम्हांला परवडणार नाही, पलीकडचे पाहा,’ असे सांगणारा विक्रेता ज्या कचेरीत टिकतो, ती कचेरी व्यावसायिक म्हणावी.

स्वागत कोणाचे?

एक प्रश्न राहिला, आणि तो अवघड आहे. आम्ही स्वागताबद्दल बोललो, पण स्वागत कोणाचे? भाड्याची खोली विचारायला गेले की पुष्कळ ठिकाणी पहिला प्रश्न येतो, ‘आडनाव काय?’ दुसरा, ‘खाणे काय?’ एकटी नोकरी करणारी मुलगी असली तर तिसरा प्रश्न तिच्या येण्या-जाण्याच्या वेळांबद्दल. कोलंबिया विद्यापीठात शिकून आलेले डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१७ साली बडोद्यास संस्थानच्या नोकरीवर गेले, तेव्हा त्यांना राहायला जागा मिळाली नाही. पारशी धर्मशाळेत ते नाव लपवून राहिले आणि ओळख उघड होताच लाठ्या घेतलेल्या जमावाने त्यांना तेथून बाहेर काढले. त्याला शंभराहून अधिक वर्षे लोटली. आज लाठ्या नाहीत. आज दलाल हसून ‘जागा आत्ताच गेली’ असे सांगतो.

घर न देणारा मालक निराळा आणि सांगणारा दलाल निराळा, असे म्हणून ही गोष्ट टाळली जाते. पण ती ठरते कचेरीतच. कचेरीच्या अर्जात जात, धर्म, खाणे यांचे रकानेच नसावेत. ‘अशा अटी घालणाऱ्या मालकाची जागा आम्ही दाखवत नाही,’ असे एक वाक्य भिंतीवर असावे. तसेच भाड्याचा करार लेखी व नोंदणीकृत करून द्यावा. १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याच्या ५५ व्या कलमाने ती जबाबदारी मालकावर टाकली आहे, आणि तो करार नसल्यास अटींबद्दल भाडेकरूचे म्हणणे, उलट सिद्ध होईपर्यंत, ग्राह्य धरले जाते. हे भाडेकरूला सांगणारी कचेरी आम्हांला पाहायची आहे.

एक आक्षेप

आमच्या ओळखीचे एक दलाल म्हणाले, ‘हे सारे मोठ्या विकासकांना ठीक. दहा बाय बाराच्या गाळ्यात बसणाऱ्या आमच्यासारख्याने काय करावे? आणि गिऱ्हाईक दोन दिवस विचार करायला गेले ते दुसऱ्याकडून घर घेऊन आले, तर आम्ही खायचे काय?’

पहिल्या प्रश्नाचे उत्तर सोपे आहे. दरपत्रक, मराठी सारांश, सारख्या उंचीच्या खुर्च्या, कोपऱ्याशी लावलेले टेबल, पाण्याचा माठ आणि कागदावर पडणारा दिवा, यांना फार पैसा लागत नाही. वेगळी खोली नसेल तर विक्रेत्याने दहा मिनिटे बाहेर जाऊन उभे राहावे. तेवढ्याने काम भागते.

दुसऱ्या प्रश्नात तथ्य आहे. काही गिऱ्हाइके जातील. ते नुकसान नाकारणे खोटेपणाचे होईल. पण जागेचा धंदा चालतो तो ओळखीवर. ज्याला कचेरीने विचार करू दिला, तो आपला भाऊ पाठवतो, शेजारी पाठवतो, कारखान्यातील पाळीतले चौघे पाठवतो. आणि जेथे एका कचेरीने घंटा बंद केल्यास तिचे एकटीचे नुकसान होते, तेथे दलालांच्या संघटनेने सर्वांनी मिळून ती बंद करावी. एकट्याला जे परवडत नाही ते संघटनेला परवडते, हे आम्ही निराळ्या धंद्यात पाहिले आहे.

श्रोत्यांकडे आमचे एकच मागणे आहे. पुढच्या वेळी आपण किंवा आपले कोणी अशा कचेरीत गेलात तर तीन गोष्टी मागा : नोंदणी क्रमांक, चटईक्षेत्राचा तक्ता आणि घरी नेण्यासाठी मसुद्याची प्रत. मागताना आवाज चढवू नका, संकोचही करू नका. तुमच्या मागण्याने समोरच्याचा चेहरा पडला तर उठा, आणि उठताना आपल्या आईलाही हात द्या. ती कोचात खोल बसली असेल.